चौथी करवत

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा तांत्रिक शाळेत सुतारकामाचा मास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई. त्यांचा स्वतःचा जन्म शिवणयंत्रावर गेला होता. डोळे मिटून दोन बोटांत कापड धरलं की ते नुसतं सुती आहे की त्यात काही मिसळलंय, हे त्या दुकानदाराच्या आधी सांगायच्या. पण शिंपीणबाई म्हणून त्यांना कुणी हाक मारली नाही. नवऱ्याची पदवी बायकोला आपोआप चिकटते, बायकोची नवऱ्याला चिकटल्याचं कुणी ऐकलं आहे का?

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या पाठोपाठ शाळेचं वर्कशॉपही निवृत्त झालं. तिथे आता संगणकाची टेबलं आहेत. जुनी यंत्रं निघाली, त्यांत मास्तरांची लाडकी रेडियल करवतही गेली, आणि ती कुणी नेली हे त्यांना कळवण्याचं सौजन्यही कुणी दाखवलं नाही. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला होता की घरामागच्या शेडमध्ये तसलीच एक करवत आणून बसवायची. नव्या आता सहसा दिसत नाहीत. मिळाली तर जुनीच मिळणार, तीही कुणाच्या तरी हातची वापरलेली.

ज्यांनी ही करवत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. एक लाकडी टेबल, त्याच्या मागच्या कडेला जाड लोखंडी खांब, त्या खांबातून पुढे आलेला आडवा दांडा. दांड्याखाली चाकांवर मोटार लोंबते आणि मोटारीला गोल पातं लावलेलं असतं. लाकूड जागच्या जागी राहतं. हँडल धरून पातंच आपल्याकडे आणायचं. सोपं वाटतं, पण या करवतीला एक वाईट खोड आहे. पातं लाकडाला लागलं की स्वतःच लाकडात घुसत कापणाऱ्याच्या अंगावर धावून येतं. म्हणून ही करवत ओढायची नसते, रोखून धरायची असते. मास्तर पहिल्या तासाला हेच सांगायचे. "उताराला लागलेली हातगाडी समजा. ढकलू नका. मागे धरा. हात सैल पडला की तुम्ही तिचे, ती तुमची नाही."

आणि मास्तरांचा उजवा हात आता चहाचा कपसुद्धा रोखून धरू शकत नव्हता.

थरथर आधी करंगळीत आली, मग मनगटात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोघांच्या देखत स्पष्ट सांगितलं, की विजेवर चालणाऱ्या हत्यारांपासून आता लांब राहायचं. मास्तरांनी मान डोलावली, साखर कमी करा म्हटल्यावर माणूस डोलावतो तशी. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, "डॉक्टर चांगला आहे, पण त्याच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे." त्यानंतर त्या घरात हाताचा विषय निघाला नाही. बाई कप अर्धाच भरू लागल्या, आणि कप अर्धा का असतो हे मास्तरांनी कधी विचारलं नाही.

एकदा मात्र बाई बोलल्या होत्या. करवतीचं पुराण चाललं असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, या हातानं?" तेवढंच. मास्तर रागावले असते तर परवडलं असतं. ते उठले, शेडला कुलूप घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाढी नाही, पेपर नाही, जेवायला हाक मारली की येऊन दोन घास चिवडायचे आणि पुन्हा भिंत. बाईंनी समजूत घातली, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला धरण्यात अर्थ नव्हता, कारण समोरच्याच्या ते लक्षातही येत नव्हतं. शेवटी त्यांनीच पेपरातली जाहिरात मास्तरांच्या नाकासमोर धरली. कुणा भंगारवाल्याकडे एक रेडियल करवत आली होती. मास्तरांनी कूस बदलली, चष्मा मागितला आणि जाहिरात दोनदा वाचली. मग विचारलं, "दाढीचं पाणी तापवतेस का?"

बाईंनी पाणी गॅसवर ठेवलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आपल्याच हाताने आपण हे काय करून बसलो? करवत आणू दिली तर हात जाणार, नाही आणू दिली तर माणूस जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

परगावच्या लेकीने फोनवर तोडगा काढला. "आई, बाबांना नाही म्हणू नकोस. मशीनला नाही म्हण." लेक हुशार होती. दूर राहणाऱ्या लेकी हुशारच असतात.

आणि मशीनला नाही म्हणण्याची सोय मास्तरांनीच बाईंच्या हातात दिली. जुनी रेडियल घेताना सगळ्यात आधी बघायचं असतं ते दांडा खांबात घट्ट बसलाय का. दांडा जागेवर आवळून पक्का करायचा, एकाने त्याचं टोक बाजूला रेटायचं आणि दुसऱ्याने खांब आणि दांडा यांच्या सांध्यावर बोट आडवं ठेवायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. केसाएवढी ढिलाई असली तरी बोटाला कळते, डोळ्याला कळत नाही. शाळेत मास्तर स्वतः बोट ठेवायचे. आता त्यांचं बोट स्वतःच हलत होतं, त्याला दुसऱ्याचं हलणं काय कळणार? ते असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझं बोट शिवणाचं आहे, तुला चांगलं समजेल. मी रेटतो."

भंगारवाल्याचा दांडा तर खळखळ वाजत होता. तिथे बाईंना खोटं बोलावं लागलं नाही. दुसरी करवत तसबिरींच्या चौकटी करणाऱ्याकडची. मास्तरांनी रेटलं, बाईंनी बोट ठेवलं, आणि बोटाखाली काही म्हणजे काही हललं नाही. "हलतंय," बाई म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा रेटलं. "हो, हलतंय हो." चौकटवाला कुरकुरला, पण त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग होती. तिसरी नाटकाचे सेट उभारणाऱ्यांच्या गोदामात. तीही हलली. मास्तर परतताना गाडीत म्हणाले, "लोकांना यंत्र सांभाळता येत नाही." आणि बाई गाडी चालवत "हं" म्हणाल्या.

गंमत अशी की हे रविवार चांगले जात होते. मास्तर सकाळी उठून दाढी करत. डाव्या हाताने करत, वेळ लागे, गालावर एखादा केसांचा पट्टा राहून जाई, पण करत. थर्मासमध्ये चहा, टोपणाचाच पेला. गाडीत ते त्या त्या यंत्राबद्दल बोलत, मोटार कशी असेल, खांब कुठल्या ओतकामाचा असेल. परत येताना नाकारलेल्या यंत्राची उणीदुणी काढत, त्यातही त्यांना तितकीच मजा येई. इतकं तर ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही बोलले नव्हते. बाईंना वाटू लागलं की हे असंच चालू द्यावं. जगात जुन्या करवती काय कमी आहेत? बोट शाबूत आहे तोवर एकेक हलवत राहू.

चौथी करवत खिडकीवाल्याकडे होती.

खिडकीवाला म्हणजे लाकडी खिडक्या-दारं करणारा. त्याचं वर्कशॉप एका अरुंद गल्लीच्या टोकाला, गाडी गल्लीबाहेरच लावावी लागली. आत पाऊल टाकलं आणि बाई दारातच थबकल्या. जमिनीवर भुसा नव्हता. छिन्न्या भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या होत्या. आणि मधोमध ती करवत, तिच्या दांड्यावर हात फिरवला तर मेणाचा वास हाताला लागावा अशी. असा माणूस ढिलं यंत्र ठेवत नाही, एवढं कळायला सुतार असावं लागत नाही.

"नवीन मोठं मशीन घेतलंय, जागा उरली नाही," खिडकीवाला सांगत होता. "नाहीतर हिला विकलं नसतं, मास्तर. कुणाही सोम्यागोम्याला नाही देणार. तुम्ही म्हणालात शाळेत शिकवायचात, म्हणून बोलावलं."

मास्तर करवतीभोवती फिरले. एकदा, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा आनंदही झाला आणि भीतीही वाटली. मास्तर वाकले, दांड्याच्या खालून नजर टाकली, पातं बोटाने हळूच फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला. आवाज नव्हताच.

"बोट ठेव," ते म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि बोट ठेवलं. मास्तरांनी रेटलं. खांब देवळाच्या खांबासारखा उभा.

"थोडं हलतंय," बाई म्हणाल्या.

खिडकीवाला हसला. "वहिनी, हलणार नाही. थांबा." त्याने कपाटातून घड्याळासारखं काहीतरी आणलं, तबकडीवर एकच काटा. ते लोहचुंबकाने लोखंडी खांबाला चिकटवलं आणि त्याची टोकदार काडी दांड्याला टेकवली. "आता रेटा मास्तर. जोर लावा. दांडा हलला तर काटा हलेल."

मास्तरांनी जोर लावला. काटा शहारल्यासारखा झाला आणि जागेवर आला.

"बघितलंत? एवढं तर नव्यातही असतं. बोटाचं काय सांगता वहिनी, बोट गरम असतं, घाम असतो. काटा खोटं बोलत नाही."

"नाहीच हलत," मास्तर म्हणाले. "अगं, नाही हलत. बघ तू."

बाई काट्याकडे बघत राहिल्या. सगळी हुशारी त्या एवढ्याशा तबकडीने काढून घेतली होती. लेक फोनवर होती, डॉक्टर दवाखान्यात होते, आणि इथे बाईंच्या हातात काही उरलं नव्हतं. "घरी विचार करू," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये मावते का तेही बघायला हवं."

"मावते. मी मापं घेतलीत," मास्तर म्हणाले. "एक फळी कापून बघतो."

"अहो, दिसतंय ना चांगलं आहे ते. कापायची काय गरज?"

"कापल्याशिवाय करवत घेतात का?" मास्तर म्हणाले, आणि खिडकीवाल्याने दुजोरा दिला, बरोबर आहे, कापूनच बघा. त्याने एक रुंद फळी काढून दिली. चांगल्या लाकडाची दिली, मास्तरांचा मान म्हणून.

मास्तरांनी फळी मागच्या पट्टीला टेकवली. डावा हात फळीवर, पात्याच्या रेषेपासून वीतभर लांब, जसं शिकवत तसं. उजवा हात हँडलवर. हात हँडलवर बसला आणि त्याची थरथर जरा थांबली, आणि बाईंना वाटलं, देवा, कदाचित जमेलही. पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं वाटत होतं. पण फिरत्या पात्याजवळ दुसऱ्याचा हात धरायचा नसतो, हेही मास्तरांनीच सांगितलेलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. खिडकीवाल्याने बटण दाबलं.

पातं फळीला लागलं आणि खोडीप्रमाणे पुढे धावलं. मास्तरांनी रोखायला हवं होतं. त्यांनी रोखलं, असं त्यांच्या खांद्यावरून वाटत होतं, पण खांद्याचा हुकूम मनगटापर्यंत पोचला नाही. हँडल हातासकट त्यांच्या पोटाकडे आलं, पातं फळीवर चढलं, फळी उसळली, मोटार घोगरं ओरडली आणि पातं अर्ध्यात रुतून बसलं. खिडकीवाल्याने झेप घेऊन बटण बंद केलं.

कुणाला काही झालं नव्हतं. बाईंनी दोन्ही हातांची बोटं मनातल्या मनात मोजली आणि मगच श्वास सोडला. जळक्या लाकडाचा वास पसरला होता. फळीवरचा काप नागमोडी, काळा पडलेला, पहिल्या वर्षाच्या पोरानेही लपवून ठेवला असता असा.

मास्तर त्या कापाकडे बराच वेळ बघत होते.

"गाडा ढिला आहे," शेवटी ते म्हणाले. "मोटारीचा. दांड्याखाली चाकं खेळतात."

"काय?" खिडकीवाल्याला खरंच कळलं नाही. "नाही हो मास्तर. चाकं गेल्याच महिन्यात काढून साफ केलीत मी."

"खेळतात. पातं पळतं त्यामुळे."

"ते तर पळतंच. रेडियलच आहे ती." खिडकीवाला आता दुखावला होता. स्वतःच्या मालात कुणी खोट काढली तर चांगल्या कारागिराला गप्प बसवत नाही. त्याने रुतलेलं पातं सोडवलं, दुसरी फळी लावली, बटण दाबलं आणि एका हाताने करवत अशी सावकाश आणली की मोटारीचा सूरही बदलला नाही. तुकडा उचलला, त्याला गुण्या लावला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. "दिसतो का उजेड? काटकोनात कुठे फट दिसते का? वहिनी, तुम्ही बघा."

फट नव्हती. त्याने आणखी एक तुकडा कापला, आणि मग आणखी एक. प्रत्येक तुकडा आधीच्यासारखाच चोख. बिचारा आपल्या करवतीची अब्रू वाचवत होता, आणि प्रत्येक तुकड्यासरशी मास्तर लहान होत होते. बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, पुरे करा हो, कळलं आम्हाला. पण ते सांगायचं म्हणजे काय कळलं हेही सांगावं लागलं असतं.

"चाकं खेळतात," मास्तर पुन्हा म्हणाले.

"मास्तर, राग मानू नका," खिडकीवाला म्हणाला, "पण हे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं झालं."

मास्तरांची मान खाली गेली नाही. ते बायकोकडे वळले. "तू बोट ठेव," ते म्हणाले. "तुला कळेल."

बाई पुढे आल्या. चाक आणि दांडा यांच्यामध्ये त्यांनी बोट आडवं ठेवलं. मास्तरांनी हँडल धरून आडवं हलवायचा प्रयत्न केला. गाडा ढिम्म होता. लोखंडातून बोटाला फक्त एक बारीक थरथर लागत होती, आणि ती कुठून येते हे बाईंना माहीत होतं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर हट्ट नव्हता. विनवणी होती, साधी, उघडी. चाळीसेक वर्षांच्या संसारात या माणसाने कशासाठी विनवणी केल्याचं त्यांना आठवेना.

"हलतंय," बाई म्हणाल्या. "चांगलंच हलतंय."

खिडकीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "वहिनी, निदान तुम्ही तरी."

"मला लागतंय ना बोटाला. खोटं कशाला बोलू?"

त्याने आपली तबकडी उचलली, फडक्यात गुंडाळली. "ठीक आहे. नका घेऊ. कुणाचा आग्रह आहे का? पण चांगल्या वस्तूला नावं ठेवू नयेत माणसाने. आणि म्हाताऱ्या माणसांनी तर नाहीच." एवढं बोलून त्याने पाठ फिरवली आणि नागमोडी कापलेली फळी कोपऱ्यातल्या जळाऊ लाकडांत टाकली. बाईंना त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याला सांगताना तो आता आयुष्यभर सांगेल, एक म्हातारं जोडपं आलं होतं, दोघंही लबाड.

गल्लीतून दोघं गाडीपर्यंत चालत आले. बाईंनी गाडी सुरू केली. पहिल्या चौकापर्यंत मास्तर खिडकीबाहेर बघत होते. आज उणीदुणी निघाली नाहीत. सिग्नल लाल होता, समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती.

"अगं," मास्तर म्हणाले, "त्या चौकटवाल्याचा दांडा हलत होता का?"

मघाशी त्या वर्कशॉपमध्ये हलतंय म्हणताना बाईंनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. ज्या बायकोने आज डोळ्यांदेखत खोटं सांगितलं, तिची आधीची बोटं कोण खरी मानणार? मास्तर म्हातारे झाले होते, बावळट झाले नव्हते. आणखी एक खोटं तोंडात तयार होतं. पण त्यांना ते उचलवेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आणि नाटकवाल्यांचा?"

"तोही नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. बाईंनी गाडी पुढे घेतली. आता ते रागावतील, मग भिंतीकडे तोंड करतील, असं त्यांना वाटलं. पण मास्तर रागावले नाहीत.

"चांगली यंत्रं होती ती," ते म्हणाले.

"हो. फार चांगली होती."

"मला वाटायचं, आपल्याला यंत्रंच वाईट मिळतायत." ते सावकाश, वर्गात पोरांना सांगावं तसं बोलत होते. "एखादं चांगलं मिळालं, अजिबात न हलणारं, म्हणजे मग जमेल. सगळं जमेल. असं धरून चाललो होतो मी."

बाईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, फक्त रस्ता दिसेल इतपत आवरलं. करवत घरात येणार नव्हती. त्यांना हवं होतं ते झालं होतं, मास्तरांची दहाही बोटं शाबूत त्यांच्या शेजारी बसली होती. आणि आपण या माणसाचं नेमकं काय वाचवलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"मला म्हणायचं होतंस," मास्तर म्हणाले.

"म्हणाले होते."

"हो. म्हणाली होतीस."

घर जवळ आलं. कोपऱ्यावरचं दुकान, पुढे वळण, मग आपलं फाटक. बाईंनी गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं. दोघंही उतरले नाहीत. शेडचं दार बंद होतं आणि दोघांच्याही समोर होतं.

"पुढच्या रविवारी मग," मास्तर म्हणाले, आणि थांबले. "पुढच्या रविवारी काय करायचं गं आपण?"

बाईंनी मागच्या सीटवरचा थर्मास उघडला आणि टोपणात अर्धाच चहा ओतला. मग तो पेला त्यांनी मास्तरांच्या डाव्या हातात दिला.